सात अंशांचा पीळ

आप्पांनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटला आणि फाटकाच्या नव्या खांबाकडे बघत म्हणाले, "कललाय."

"खांब?" हेमांगीनं पायरीवरूनच विचारलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि बाजूला पोह्यांची रिकामी बशी.

"खांबही. आणि ओळंबाही."

गवंडी तोंडावर हात ठेवून हसला. चौतीस वर्षं सरकारी मोजणीत काढलेला माणूस, अर्ध्या सटाणा तालुक्यातल्या बांधांची भांडणं ज्यानं मिटवली, तो म्हणत होता की दोरीला टांगलेलं वजन तिरपं लोंबतंय. "आप्पासाहेब," गवंडी म्हणाला, "खांब पाडून परत बांधतो मी. पण ओळंबा सरळ करायला पृथ्वी हलवावी लागंल. त्याचा कंत्राटदार वेगळा."

आप्पा हसले नाहीत. दोरी बोटाला गुंडाळत ते पायरीपाशी आले आणि कठड्याला धरून बसले. "उजवीकडं जातंय सगळं. थोडंसंच. पाच-सात अंश."

"ऊन लागलंय तुम्हाला," हेमांगी म्हणाली. "सकाळपासून उपाशी फिरताय."

"फिरतोय कुठं? तुझ्या त्या यंत्रानं तासभर बसवून ठेवलं. मान मोडायची बाकी राहिली."

आप्पांना मधुमेह होता. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून घ्यायचा असतो, तो काढायला ते सकाळी तपासणी केंद्रात गेले होते. गेल्या तीन-चार वर्षांत असे कॅमेरे तालुक्याच्या गावीच काय, औषधांच्या दुकानांतही आले होते. त्यातल्या बऱ्याचशा कॅमेऱ्यांमध्ये पुण्याच्या ज्या संस्थेची प्रणाली चालायची, त्या संस्थेत हेमांगी काम करत होती.

"काय झालं?"

"मी बसलो सरळ. ती पोरगी म्हणते, बाबा, डोकं कललंय. मी म्हटलं, नाही कललं. तिनंही पाहिलं, म्हणाली, खरंच नाही कललं. पण यंत्र तांबडा दिवा दाखवतंय. दोनदा काढला, दोनदा नको म्हणालं. मग तिनं माझं डोकं धरून उजवीकडं वाकवलं, तेव्हा लागला हिरवा. वाकडं बसल्यावर घेतलं, सरळ बसल्यावर नाही. हे कसलं यंत्र?"

हेमांगीच्या पडद्यावर केंद्रांकडून आलेल्या तक्रारींची यादी उघडी होती. रजेवर असली तरी रोजच्या तक्रारी निकालात काढायचं काम तिच्याकडेच होतं. तासाभरात तिनं चाळीसएक संपवल्या होत्या, एकेकीला वीस सेकंद देऊन. त्यात सटाण्याची एक होती. ‘रुग्णाचे डोके सरळ असूनही यंत्र फोटो घेत नाही. कृपया पहावे.’ तिनं नेहमीचा शेरा टाकला होता, ‘तंत्रज्ञाची चूक’, आणि तक्रार बंद केली होती. ती आप्पांचीच असणार, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. पुन्हा उघडायला एक बोट पुरलं असतं.

"आप्पा, यंत्र चुकत नाही. माणसं वाकडी बसतात."

"अस्सं."

"हजारो फोटोंवर तपासलंय आम्ही. एकाच माणसाचा दहा वेळा काढला, तर दहाही वेळा एका अंशाच्या आत तेच उत्तर येतं."

आप्पांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. "आम्ही बांध दोन्ही टोकांकडून मोजायचो. आकडा फुटाच्या आत जुळला की शिपाई खूश व्हायचा. मला धाकधूक वाटायची. एकच चूक दोनदा केली नाही ना, म्हणून."

"बरं, जेवायला चला," हेमांगी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आप्पा न्हाणीत पडले. तिसऱ्या दिवशी दुपारी नाशिकच्या रुग्णालयात ते वारले.

*

मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावून दाखवलं होतं. मेंदूच्या देठाशी एक मोठा काळा डाग आणि त्याच्या खाली, डावीकडे, वाटाण्याएवढा दुसरा.

"हा छोटा आदल्या दिवशीचा," डॉक्टर म्हणाले. "आधी लहान झटका येऊन गेला. कुणाच्या लक्षात आला नसेल. थोडं गरगरलं असेल, इतकंच."

"तेव्हा कळलं असतं तर?" दादानं विचारलं. हेमांगीचा हा थोरला भाऊ, प्रशांत, गावातल्याच शाळेत शिकवायचा.

"तर औषधं सुरू करता आली असती. दुसरा टळला असता, कदाचित."

त्या ‘कदाचित’चा हेमांगीला इतका राग आला की ती खोलीबाहेर निघून गेली. आयुष्यभर तिनं आकड्यांशी काम केलं होतं. शक्यता म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तिला टक्के नको होते. हो किंवा नाही हवं होतं, आणि ते जगात कुणाकडेच नव्हतं.

दिवस झाले. पाहुणे पांगले. आई आप्पांच्या सदऱ्यांना इस्त्री करून कपाटात परत ठेवू लागली, तेव्हा हेमांगी पुण्याला गेली. पहिल्याच दिवशी तिनं सटाण्याचे ते फोटो उघडले.

*

डोळा वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो आपल्याच जागी, दाराच्या मुठीसारखा थोडासा वळतोही, हे फारसं कुणाला माहीत नसतं. हेमांगीच्या संस्थेत या वळण्याला पीळ म्हणत. तो आरशात दिसत नाही, कारण बुबुळ गोल असतं. पडद्याच्या फोटोत मात्र दिसतो. तिथं दोन ठळक खुणा असतात. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे जाते ते फिकट बिंब, आणि ज्यानं आपण बारीक अक्षर वाचतो तो पीतबिंदू. दोन्ही जोडणारी रेघ मारली तर निरोगी डोळ्यात पीतबिंदू बिंबापेक्षा सहा-सात अंश खाली असतो. डोळ्याला पीळ पडला की हा कोन बदलतो.

आणि पीळ पडण्याला कारण असतं. ‘खाली’ कुठं आहे, हे कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूच्या देठाला सतत सांगत असतं. देठाचा एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला की हा निरोप एकांगी होतो आणि दोन्ही डोळे मुकाट्यानं एकाच दिशेला वळतात. माणसाला वाटतं, जगच थोडं कललंय. साध्या कॅमेऱ्यानं हा पीळ भरवशानं मोजता आला, तर मोठ्या झटक्याआधीचा छोटा झटका गावातल्या गावात पकडता येईल, या एका कल्पनेवर हेमांगीनं सहा वर्षं घातली होती.

अडचण एकच होती. माणसानं नुसतं डोकं कलवलं, तरी फोटोत दोन्ही डोळे एकाच दिशेला वळलेले दिसतात. हातात धरायच्या कॅमेऱ्यात डोक्याचा कल मोजायची सोय नव्हती. त्यामुळे सुरुवातीला एकाच माणसाचे आकडे चार-चार अंशांनी वर-खाली जायचे आणि बैठकीत लोक हसायचे. मग हेमांगीनं तोड काढली. दोन्ही डोळे एकाच बाजूला सारखेच वळलेले दिसले, तर तो डोक्याचा कल समजायचा. थोडा असेल तर वजा करायचा, जास्त असेल तर तांबडा दिवा लावायचा. आकडे झटक्यात स्थिरावले. चाराचा फरक एकावर आला. निबंध छापून आला, संचालक डॉ. बेलसरे यांनी पेढे वाटले.

फोटोच्या आधी रुग्णाच्या चेहऱ्याचं एक छोटं चित्र ओळखीसाठी घेतलं जाई. आप्पांच्या मागे केंद्राची फरश्या बसवलेली भिंत होती. हेमांगीनं फरशीच्या सांध्यावर एक रेघ मारली, आप्पांच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दुसरी. रेघा समांतर होत्या. मग तिनं नाकारलेले दोन्ही फोटो हातानं मोजले. डाव्या डोळ्यात पीतबिंदू तेरा अंश खाली, उजव्या डोळ्यात बिंबाच्या बरोबरीला. दोन्ही डोळे डावीकडे, सात अंश. तिनं अकरा वेळा मोजलं. मग बिंबाऐवजी पीतबिंदूपासून सुरुवात करून अकरा वेळा मोजलं. सात, सात, पावणेसात, सात.

ओळंबा उजवीकडे पाच-सात अंश, असं ते म्हणाले होते. डोळ्यांनी मोजून सांगितलं होतं. अन् आपण काय सांगितलं, तर ऊन लागलंय.

तिला रडू आलं नाही. तिनं टेबलावर हात इतक्या जोरानं आपटला की पलीकडच्या टेबलावरचे दोघं उठून उभे राहिले.

*

"एका फोटोवरून नियम बदलत नाहीत," डॉ. बेलसरे म्हणाले.

"नियमच चुकीचा आहे, सर. आपण जे शोधायला निघालो, नेमकं तेच वजा करतोय. दोन्ही डोळ्यांना सारखा पीळ म्हणजे डोक्याचा कल, असं मी गृहीत धरलं. झटक्यातही तेच होतं."

"आपल्या चाचणीत असा एकही रुग्ण निघाला नाही."

"निघेल कसा? आपण त्यांचे फोटो घेतलेच नाहीत. तांबडा दिवा दाखवून परत पाठवले."

बेलसऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. अंत्यविधीला सटाण्यापर्यंत आले होते. "हेमांगी, तू आत्ता कुठल्या मनःस्थितीत आहेस याची मला कल्पना आहे."

"माझ्या मनःस्थितीचा कोन नाही मोजायचाय, सर."

"ऐक. फरशीची रेघ हा पुरावा होत नाही. फरशी बसवणाराच तिरपा असेल. तिथं हजर असलेल्या कुणी, त्याच वेळी, डोकं सरळ होतं असं लिहून ठेवलंय का? तशी एक जरी नोंद आण, नियम थांबवायला मी उद्या सही करतो."

तशी नोंद होती. तिच्या खाली हेमांगीचा शेरा होता. हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बघते."

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "मी तक्रार केलीय. त्या केंद्रातल्या पोरीविरुद्ध."

"कोणत्या पोरीविरुद्ध?"

"सोनल अहिरे. आप्पांचा फोटो जिनं काढला ती. मी अहवाल मागवला. दोन फोटो बाद आणि तिसरा म्हणे ठीक. डॉक्टर म्हणतात आदल्या दिवशीच झटका आला होता, म्हणजे फोटोत दिसायला हवा होता का नाही? तूच सांगायचीस ना, डोळ्यात दिसतो म्हणून? त्या बयेला साधा फोटो काढता येत नाही. माझा बाप गेला, हेमा. तिला मी सोडणार नाही. मंगळवारी चौकशी समिती येतेय. तू ये, तुला त्यातलं कळतं."

"दादा..."

"आईलाही आणतोय. तिचंही ऐकू देत त्यांना."

*

सोमवारी हेमांगी सटाण्याच्या केंद्रात गेली. सोनल अहिरे चोवीस-पंचवीसची होती, बारीक चणीची, आणि ती मधुमेहाच्या एका म्हातारीशी झगडत होती.

"आजी, डोळा मिटू नका. किती वेळा सांगू?"

"तू दिवा मारतीस अन् म्हणतीस मिटू नको. तुझ्या डोळ्यात मारते थांब."

म्हातारी गेल्यावर सोनलनं हेमांगीकडे पाहिलं. ओळखलं. हात पदराला पुसले. "तुम्ही आप्पांची मुलगी. बसा, मॅडम. चहा सांगू?"

"नको. मला फक्त विचारायचंय. त्या दिवशी काय झालं?"

"सगळं लिहून दिलंय मी समितीला." सोनलचा आवाज ताठ झाला. मग एकदम सैलावला. "मॅडम, ते सरळ बसले होते. माझ्या मामांचा बांध त्यांनीच मोजलेला, मी लहानपणापासून ओळखते त्यांना. ते कधी वाकडे बसतील का? दोनदा काढला, यंत्र घेईना. आम्हाला शिकवलंय, हिरवा लागेपर्यंत सोडायचं नाही. तांबडे जास्त झाले की वरून विचारणा येते. म्हणून मी त्यांचं डोकं कलवलं. सगळ्याच केंद्रांवर करतात, मॅडम. ज्याचा फोटो घेत नाही त्याला जरा इकडं-तिकडं वाकवायचं. ते म्हणालेसुद्धा, पोरी, ही खोटी मोजणी झाली."

"मग?" हेमांगीनं विचारलं.

"मला बरं नाही वाटलं. म्हणून मी लगेच तक्रार टाकली पुण्याला. डोकं सरळ आहे, कृपया पहावे. पाच मिनिटांत उत्तर. तंत्रज्ञाची चूक." सोनल हसली, पण ते हसू नव्हतं. "चूक तर चूक. पण वाचलं असेल का हो त्यांनी? फोटो उघडून बघायलाच पाच मिनिटं लागतात. तिथं कोण बसतं, तुम्हाला माहीत असेल ना?"

आता बोलता आलं असतं. खोलीत दोघीच होत्या आणि बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. हेमांगी म्हणाली, "बरीच माणसं आहेत."

"माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे," सोनल म्हणाली. "उद्या काय होतं बघायचं. चूक ठरली तर कुठल्याच केंद्रावर घेत नाहीत मग."

घरी जाताना हेमांगीला सोनलचा राग आला, दादाचा आला, बेलसऱ्यांचा आला, त्या ‘कदाचित’वाल्या डॉक्टरांचा आला. बसस्टँडपासून घरापर्यंत ती एकेकाशी मनातल्या मनात भांडली आणि प्रत्येक भांडण जिंकली. स्वतःशी मात्र भांडता आलं नाही. तिथं समोरचा प्रत्येक गोष्ट कबूलच करत होता.

*

समिती विश्रामगृहाच्या दालनात बसली होती. लांब टेबलापलीकडे तीन जण, कडेला टंकलेखक. अलीकडे एका बाजूला दादा, आई आणि हेमांगी. दुसऱ्या बाजूला सोनल, एकटीच. आईनं आप्पांचा चष्मा बरोबर आणला होता. का आणला ते तिलाही सांगता आलं नसतं. सगळा वेळ ती तो रुमालात गुंडाळत आणि सोडत होती.

दादा बोलला. चांगला बोलला, रोज वर्गात बोलायची सवय होती. शेवटी म्हणाला, "साहेब, मला बदला नको. पण पोटासाठी काम करणाऱ्यानं काम नीट शिकून यावं, एवढंच."

"तुम्ही?" अध्यक्षांनी सोनलला विचारलं. पिकल्या मिशांचे, निवृत्तीला आलेले डॉक्टर होते.

"रुग्णाचं डोकं सरळ होतं, सर. मी तशी तक्रार केली होती."

अध्यक्षांनी कागद वर धरला. "आहे. तुमची तक्रार संस्थेच्या अभियंत्यानं तपासली आणि बंद केली, असं दिसतं. अभियंता क्रमांक चौदा. शेरा, तंत्रज्ञाची चूक."

"बघा!" दादा म्हणाला. "तिकडच्या जाणकारांनीच सांगितलंय. अजून काय पाहिजे?"

सोनलनं मान खाली घातली.

"तुम्ही याच क्षेत्रातल्या ना?" अध्यक्षांनी हेमांगीला विचारलं. "नातेवाईक म्हणून तुमचं मत धरता येणार नाही. पण आम्हाला समजावून सांगा. अभियंत्यानं असा शेरा दिला, म्हणजे त्यानं ते दोन फोटो बघितले असणार?"

"सांग," दादा कुजबुजला. "सांग त्यांना."

हेमांगीनं आईकडे पाहिलं. पंधरा दिवस आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, माझ्या हेमानं सगळं केलं हो बापासाठी, एवढी शिकलेली मुलगी, तीच धावली. हेमांगीनं एकदाही तिला थांबवलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "फोटो बघितले नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नोंद करून घ्या, सर. माझं हे बोलणं नातेवाईक म्हणून नाही."

अध्यक्षांनी टंकलेखकाला खूण केली. त्यानं नवा कागद घेतला आणि वर न बघता विचारलं, "पूर्ण नाव?"

"हेमांगी मधुसूदन खैरनार."

"हुद्दा?"

"अभियंता क्रमांक चौदा."

दादाचा हात तिच्या दंडावर होता, तो तसाच राहिला. आईचं चष्मा गुंडाळणं थांबलं.

"सोनल अहिरे यांची तक्रार मी वीस सेकंदांत बंद केली," हेमांगी म्हणाली. टंकलेखकाला झेपेल इतक्या सावकाश बोलली. "त्यानंतर आमच्या घराच्या पायरीवर बसून वडिलांनी मला तेच तोंडी सांगितलं. कुणाची तक्रार आहे हे मला तेव्हा कळलं होतं. फोटो उघडले असते तर सात अंशांचा पीळ पहिल्याच नजरेत दिसला असता. ज्यानं तो फोटो नाकारला, तो नियम मी लिहिलाय. या बाईंची यात काही चूक नाही."

"हेमा," आई म्हणाली. एवढंच.

हेमांगी तिच्याकडे वळली. आता समितीकडे तिची पाठ होती आणि टंकलेखकाला ऐकू जातंय की नाही, याची तिनं पर्वा केली नाही.

"ते मला सांगत होते, आई. मी ऐकलं नाही."